सुवर्णपट, पुरावा आणि प्रचीती

१. दोन प्रश्न

मॉर्मन पंथाबद्दल पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो. देवदूताने सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला ग्रंथ दाखवला, टोपीत ठेवलेल्या दगडाकडे पाहून तो भाषांतरित झाला आणि पत्रे देवदूत परत घेऊन गेला, यावर डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झालेली माणसं विश्वास कसा ठेवतात?

त्या पंथात वाढलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. प्रार्थनेला बसलो तेव्हा मला जे जाणवलं ते खोटं होतं का? आणि खोटं नसेल, तर आमच्याच इतिहासाची पुस्तकं वाचताना पायाखालची जमीन का सरकते?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. पहिल्याचं उत्तरही त्यातूनच मिळत जातं, म्हणून या प्रकरणात आपण दुसऱ्याच्या मागे जाऊ.

२. मूळ गोष्ट

जोसेफ स्मिथ १८०५ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एका शेतकरी कुटुंबात जन्मला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावाकडे गेलं. त्या भागात तेव्हा धर्मसभांना ऊत आला होता आणि प्रत्येक उपदेशक आपलाच मार्ग खरा असं सांगत होता. जोसेफने पुढे सांगितलं, की यातलं खरं कोणतं हे विचारायला तो १८२० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, रानात प्रार्थनेला बसला आणि त्याला दर्शन झालं. १८२३ मध्ये मोरोनाय नावाचा देवदूत आला. १८२७ मध्ये जवळच्या टेकडीतून सुवर्णपट हाती आले. त्यांचं भाषांतर म्हणून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ मार्च १८३० मध्ये छापून झाला. मार्टिन हॅरिस नावाच्या शेतकऱ्याने छपाईसाठी शेत गहाण टाकलं होतं आणि प्रती ५,००० होत्या. ६ एप्रिल १८३० ला चर्चची स्थापना झाली.

ग्रंथ सांगतो, की इ.स.पू. ६०० च्या सुमारास एक कुटुंब जेरुसलेम सोडून जहाजाने अमेरिकेत पोहोचलं. त्याच्यातून नेफाइट आणि लेमनाइट हे दोन समाज झाले, शतकानुशतकं लढले आणि पुनरुत्थानानंतर ख्रिस्ताने त्यांना तिथे दर्शन दिलं.

१८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफची हत्या केली. १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगने अनुयायांना सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नेलं. तिथून चार वर्षांत, म्हणजे १८५१ मध्येच, ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि मग पुण्याच्या लष्करी छावणीपर्यंत गेला; इतकी या माणसांना आपल्या बातमीची खात्री होती. आज चर्चच्या नोंदीत १.७ कोटींहून अधिक सदस्य आहेत.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा पंथ आपल्या श्रद्धेचा फार मोठा भार इतिहासावर टाकतो. अमुक साली, अमुक टेकडीत, अमुक वजनदार वस्तू होती, असं तो म्हणतो. असा दावा तपासता येतो. ही त्याची ताकद आहे आणि अडचणही.

३. ‘मला माहीत आहे’

दारावर येणारे तरुण मिशनरी पुराणवस्तूंचे फोटो दाखवत बसत नाहीत. ते म्हणतात, ग्रंथ वाचा आणि हे खरं आहे का असं देवाला विचारा. ग्रंथाच्या शेवटच्या भागातच तसं वचन आहे : जो खऱ्या मनाने विचारेल त्याला पवित्र आत्मा सत्य कळवेल. १८२९ च्या एका प्रकटीकरणात खूणही दिली आहे. उत्तर बरोबर असेल तर छातीत ऊब दाटते, चूक असेल तर विचारच सुचेनासा होतो.

आणि लोकांना ते जाणवतं. शांत वाटतं, रडू येतं, डोक्यातला गोंधळ निवळतो, आपल्याला कुणी नावाने ओळखतं आहे असं वाटतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, साक्षसभा होते. लोक उपास करून येतात आणि ज्याला वाटेल तो पुढे जाऊन बोलतो. चार वर्षांचं पोरही आईच्या कानगोष्टीच्या आधाराने म्हणतं, ‘हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे.’ ‘मला वाटतं’ किंवा ‘माझी श्रद्धा आहे’ असं तिथे फारसं ऐकू येत नाही. नेते बॉइड पॅकर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भाषणात तर असं मांडलं, की साक्ष ही ती देता देताच सापडते. टीकाकारांना यात खात्री घडवण्याचा कारखाना दिसतो. आत असलेल्यांना पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही इतकं साधं तत्त्व दिसतं.

युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९ श्रद्धाळू मॉर्मन तरुण-तरुणींना स्कॅनरमध्ये झोपवून प्रार्थना, धर्मवचनं आणि चर्चच्या चित्रफिती दिल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘आत्मा जाणवतो आहे’ असं ते ज्या क्षणी सांगत, त्या सुमारास मेंदूतला बक्षीस-सुखाशी निगडित भाग चेतत होता. एवढ्यावरून कुणी ‘म्हणजे सगळे मनाचे खेळ’ असं म्हणू नये. प्रत्येक अनुभवाबरोबर मेंदूत काही ना काही घडतंच, खऱ्याखुऱ्या अनुभवाबरोबरही. अभ्यासातून इतकंच पक्कं होतं, की ही माणसं नाटक करत नाहीत. त्यांना खरोखर काहीतरी होतं.

मग ज्याला ते झालं, त्याने त्यावरून काय मानावं?

४. तरीही घडलं असतं का?

सर्दी झाली म्हणून आजीने काढा दिला आणि पाच दिवसांत सर्दी गेली. काढा लागू पडला का? आपण लगेच हो म्हणतो. पण खरा प्रश्न असा आहे, की काढा घेतला नसता तरी सर्दी पाच दिवसांत गेली असती का? गेलीच असती, तर सर्दी बरी होणं हा काढ्याचा पुरावा म्हणून फारसा उपयोगाचा नाही. काढा वाईट ठरत नाही, आजीची मायाही खोटी ठरत नाही. फक्त त्या एका दाव्याला त्यातून बळ मिळत नाही.

पुरावा तोलण्याचं मर्म या एका प्रश्नात आहे. एखादी गोष्ट घडली, तर दोन आकडे मनाशी धरायचे. दावा खरा असेल तर ही गोष्ट घडण्याची शक्यता किती? आणि दावा खोटा असेल तरीही ती घडण्याची शक्यता किती? पुराव्याचं वजन या दोन आकड्यांतल्या अंतरात असतं.

समजा, ग्रंथ खरा असेल तर मनापासून विचारणाऱ्या १०० जणांपैकी ८० जणांना ऊब जाणवेल. आता समजा, ग्रंथ खोटा असेल तर १० जणांनाच जाणवेल. मग ऊब जाणवणं ८० विरुद्ध १०, म्हणजे आठपटीने खरेपणाच्या बाजूला झुकतं. आधी मन अगदी मधोमध असलेल्या माणसाने ‘खरं’ या बाजूला नऊपैकी आठ भाग वजन द्यायला हरकत नाही. आता दुसरा आकडा बदला. उत्कट अपेक्षा, प्रेमळ माणसं, उपास, गाणी, शांत खोली यामुळे ग्रंथ खोटा असतानाही ६० जणांना ऊब जाणवेल असं धरा. मग प्रमाण ८० विरुद्ध ६०. मधोमध असलेला माणूस जेमतेम अर्ध्याच्या पुढे सरकतो. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण भांडण नेमकं कुठे आहे ते त्यांतून दिसतं. राहिलेला आणि सोडून गेलेला, दोघांच्याही डोळ्यांत तेच पाणी आलेलं असतं. पाणी आलं की नाही यावर त्यांचा वाद नसतो. दुसरा आकडा १० धरायचा की ६०, यावर असतो.

तो आकडा अंदाजायला थोडी मदत मिळते. जोसेफच्या मृत्यूनंतर त्याचे अनुयायी अनेक शाखांत फुटले. एकमेकांना चुकीच्या वाटेवर गेलेले मानणाऱ्या या शाखांतले लोक त्याच पद्धतीने प्रार्थना करतात आणि आपापल्या शाखेच्या बाजूने उत्तर मिळाल्याचं सांगतात. बहुपत्नीत्व आजही पाळणाऱ्या गटांतही असंच चालतं. सगळेच खरे असू शकत नाहीत. तेव्हा ‘खोटं असतानाही जाणवण्याचा’ आकडा लहान धरणं मला तरी कठीण वाटतं.

आणखी एक कसोटी लावून पाहा. प्रार्थना करूनही ज्यांना काहीच जाणवत नाही, त्यांचं काय करायचं? पुष्कळदा त्यांना सांगितलं जातं, की मन अजून स्वच्छ नाही, हेतू पक्का नाही, पुन्हा विचारा. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण ज्या परीक्षेत ‘हो’ मोजलं जातं आणि ‘नाही’ मोजलंच जात नाही, तिच्यातल्या ‘हो’चंही वजन उतरतं.

मग अनुभव निकालात काढायचा? मुळीच नाही. तो कोणत्या वाक्याचा पुरावा आहे ते पाहायचं. ‘या जगण्यात मला आधार आहे’ हे एक वाक्य. ‘या लोकांत राहून मी जास्त चांगला माणूस होतो’ हे दुसरं. ‘इ.स.पू. पहिल्या शतकात अमेरिकेत नेफाइट राहत होते’ हे तिसरं. छातीतली ऊब पहिल्या दोन वाक्यांबद्दल पुष्कळ सांगू शकते, तिसऱ्याबद्दल फार थोडं. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धार्मिक अनुभवांवरच्या ग्रंथात म्हटलं होतं, की असा अनुभव ज्याला येतो त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो आणि तो चालणं रास्तही आहे. पण बाहेरच्याने तो मुकाट स्वीकारावा असं बंधन नाही. मॉर्मन शिकवणीत ही तीन वाक्यं एकाच दोरीत ओवलेली असतात, म्हणून एक सुटलं की बाकीचीही घरंगळतात.

५. पपायरसचे तुकडे

आता तोच प्रश्न दुसऱ्या बाजूच्या पुराव्याला विचारू. माझ्या मते सगळ्यांत वजनदार प्रकरण ‘बुक ऑफ अब्राहम’चं आहे.

१८३५ मध्ये एक फिरता प्रदर्शनकार ओहायोतल्या कर्टलंड गावी चार इजिप्शियन ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या घेऊन आला. जोसेफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या २,४०० डॉलर्सना विकत घेतल्या. शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाने इजिप्शियन लिपीचं कोडं १८२२ मध्ये सोडवायला घेतलं होतं, पण ती वाचणारा माणूस तेव्हा अमेरिकेत नव्हता. जोसेफने गुंडाळ्यांत कुलपिता अब्राहमचं लेखन असल्याचं सांगितलं आणि १८४२ मध्ये ते तीन चित्रांसह छापलं. चित्रांतल्या एकेका आकृतीला क्रमांक देऊन ती कोण, हेही सांगितलं. हा ग्रंथ पुढे चर्चच्या धर्मग्रंथांत गेला.

पपायरस १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळून गेले असं सगळे धरून चालले होते. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अझीझ अतिया या प्राध्यापकांना त्यातले काही तुकडे दिसले आणि १९६७ मध्ये ते चर्चला मिळाले. एव्हाना लिपी वाचणारे तज्ज्ञ जगभर होते. त्यांनी वाचलं ते असं : होर नावाच्या पुजाऱ्याच्या अंत्यविधीचा मजकूर, मृताला परलोकात श्वास मिळावा म्हणून लिहिलेला, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. अब्राहमचं नाव त्यात नाही. तिसऱ्या चित्रात जोसेफने ज्या आकृतीला ‘राजा फेरो’ म्हटलं, ती इसिस देवी आहे. ज्याला अब्राहम म्हटलं तो ओसायरिस.

जोसेफ इजिप्शियन मजकूर नेहमीच्या अर्थाने भाषांतरित करत असता, तर हे असं निघालं असतं का? शक्यता फार कमी. करत नसता, तर? असंच निघालं असतं. दोन आकड्यांत प्रचंड अंतर आहे. तुकड्यांवरची चिन्हं आणि ‘बुक ऑफ अब्राहम’चा मजकूर जुळत नाही, हे चर्चनेही २०१४ मध्ये आपल्या संकेतस्थळावरच्या लेखात मान्य केलं.

श्रद्धाळू अभ्यासक दोन उत्तरं देतात. एक, अब्राहमचा मजकूर हरवलेल्या लांब गुंडाळीवर असेल. दोन, पपायरस फक्त निमित्त झाले. ते हातात असताना जोसेफला जे प्रकट झालं ते खरं. दुसरं उत्तर खोडून काढता येत नाही, कारण पपायरसवर काहीही लिहिलेलं निघालं असतं तरी ते तितकंच चाललं असतं. जे उत्तर कुठल्याही निष्कर्षाशी जुळतं, ते श्रद्धा टिकवायला उपयोगी पडतं, पण श्रद्धेच्या बाजूने नवा पुरावा पुरवत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि प्रामाणिक श्रद्धाळू तो मान्यही करतात.

६. घोडे आणि जनुकं

या मुद्द्यांचा गाजावाजा जास्त होतो, पण ते मी थोडे हलके धरतो. बुक ऑफ मॉर्मनमध्ये घोडे, रथ, पोलाद, गहू येतात. अमेरिकेतले मूळचे घोडे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नष्ट झाले आणि पुन्हा आले ते स्पॅनिश लोकांबरोबर. हाडं न सापडणं हा पुरावा किती जड, हे किती ठिकाणी आणि किती नीट खणलं यावर अवलंबून असतं. मध्य अमेरिकेत पुष्कळ खणलं गेलं आहे, तेव्हा वजन आहे, पण निर्णायक नाही.

जनुकांचंही तसंच. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची वंशरेषा आशियाकडे जाते, हे विज्ञानाने दाखवलं. संपूर्ण खंड एका कुटुंबापासून वसला असं मानलं, तर दावा तिथेच पडतो. पण मोठ्या लोकसंख्येत मिसळलेल्या एका लहान गटाची खूण पुसली जाऊ शकते. ग्रंथाच्या १९८१ च्या प्रस्तावनेत लेमनाइटांना अमेरिकन इंडियनांचे ‘प्रमुख’ पूर्वज म्हटलं होतं. २००७ च्या सुमारास ते ‘पूर्वजांपैकी’ असं झालं. दावा लहान झाला म्हणून वाचला. लहान होण्याची किंमतही त्याने मोजली.

७. साक्षीदारांचं काय?

श्रद्धेच्या बाजूचा सर्वांत भक्कम ऐतिहासिक मुद्दा साक्षीदारांचा. ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस यांनी देवदूताने सुवर्णपट दाखवल्याची लेखी साक्ष दिली. आणखी आठ जणांनी पत्रे हाताळल्याचं सांगितलं. १८३८ संपेपर्यंत पहिले तिघेही जोसेफशी बिनसून चर्चबाहेर गेले होते. तरी तिघांपैकी एकानेही साक्ष मागे घेतली नाही. कट असता, तर भांडणानंतर तो फुटला असता, हा युक्तिवाद मला खरोखर विचार करायला लावतो. निव्वळ बनवाबनवीची शक्यता त्याने कमी होते.

पण मध्ये तिसरीही शक्यता असते : त्यांनी जे पाहिलं ते मनापासून पाहिलं, मात्र डोळ्यांनी नव्हे. जोसेफनंतर त्याच्या जागेवर हक्क सांगणाऱ्या जेम्स स्ट्रँगने १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जमिनीतून धातूचे पत्रे काढून दाखवले आणि त्याच्याही साक्षीदारांनी सही केली. सॉल्ट लेकचे श्रद्धाळू त्या साक्षीवरून स्ट्रँगला पैगंबर मानत नाहीत. म्हणजे साक्षीदार असणं पुरेसं नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

व्हिटमरने १८८७ मध्ये एक पत्रक छापलं. त्यात तो म्हणतो, की देवाचा आवाज ऐकून मी ग्रंथाची साक्ष दिली यावर तुमचा विश्वास असेल, तर त्याच आवाजाने १८३८ च्या जूनमध्ये मला या मंडळींपासून वेगळं हो असं सांगितलं, यावरही ठेवा. पंथाचा पहिल्या प्रतीचा साक्षीदार, त्याच प्रतीच्या अनुभवाने, उलट दिशेला बोट दाखवतो. अनुभवाने अनुभव तोलायचा म्हटलं तर काय होतं, याचं इतकं लख्ख उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

८. पांढरा सॅलमँडर

पुरावा तोलण्याची सवय खरी कसाला लागते ती पुरावा आपल्या सोयीचा असताना. १९८४ मध्ये सॉल्ट लेक सिटीत एका पत्राची चर्चा सुरू झाली. पत्र मार्टिन हॅरिसने १८३० मध्ये लिहिलेलं, असं सांगितलं जात होतं. त्यात पत्र्यांची राखण देवदूत करत नव्हता. पांढरा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, आत्म्याचं रूप घेत होता. पत्र मार्क हॉफमन या जुन्या कागदपत्रांच्या व्यापाऱ्याकडून आलं होतं. त्याच्याकडून चर्चच्या नेत्यांनीही कागद विकत घेतले होते. तज्ज्ञांना पत्र अस्सल वाटलं आणि अभ्यासक पंथाचा आरंभ जादूटोण्याच्या अंगाने नव्याने मांडू लागले. १९८५ मध्ये चर्चने पत्राचा मजकूर प्रसिद्धही केला.

सॉल्ट लेकमध्येच जेराल्ड आणि सँड्रा टॅनर हे पंथाचे सर्वांत चिवट टीकाकार दांपत्य राहत होतं. त्यांच्यासाठी हे पत्र म्हणजे हाती आलेलं शस्त्र. पण मजकुरातली काही वळणं १८३४ च्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकाशी फार जुळतात, असं जेराल्ड टॅनरच्या लक्षात आलं आणि १९८४ मध्येच त्याने जाहीर शंका घेतली. हे खोटं असतं तरी असंच दिसलं असतं का, हा प्रश्न त्याने स्वतःच्या फायद्याच्या कागदाला विचारला.

ऑक्टोबर १९८५ मध्ये शहरात बॉम्ब फुटले आणि दोन माणसं मेली. दुसऱ्या दिवशी हॉफमन स्वतःच्याच बॉम्बने जखमी झाला. तपासात सूक्ष्मदर्शकाखाली शाईला बारीक तडे दिसले. कृत्रिमरीत्या जुनी केल्याची ती खूण होती. १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

सोडून गेलेले लोक विचारतात, की पैगंबर मानल्या जाणाऱ्या नेत्यांना हे कळलं कसं नाही? प्रश्न रास्त आहे आणि विवेकाच्या दैवी देणगीचा दावा त्यामुळे हलका होतो. पण उलट बाजूही पाहायला हवी. सॅलमँडरवर भिस्त ठेवून ज्यांनी मत बनवलं, त्यांचाही आधार गेला. गंमत म्हणून नव्हे, नोंद म्हणून सांगतो : तरुणपणी जोसेफ दगडात पाहून गुप्तधन शोधायचा, हा निष्कर्ष मात्र टिकला. त्याला १८२६ च्या न्यायालयीन खटल्यासारखा स्वतंत्र, अस्सल आधार होता.

९. शेल्फ

मॉर्मन लोकांत एक शब्दप्रयोग रूढ आहे. न सुटणारा प्रश्न ‘शेल्फवर ठेवायचा’. आणि ज्याची श्रद्धा गेली तो सांगतो, ‘माझं शेल्फ कोसळलं.’ पपायरस, दगड, बहुपत्नीत्व, आणि कृष्णवर्णीयांना १९७८ पर्यंत नाकारलेलं पुरोहितपद. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी सोसते, सगळ्या मिळून सोसत नाहीत.

२०१३ ते २०१५ च्या दरम्यान चर्चने कठीण विषयांवर लेखमाला प्रसिद्ध केली. जोसेफच्या पत्नींची संख्या ३० ते ४० असावी आणि सर्वांत लहान पत्नी लग्नावेळी पंधरा वर्षांची व्हायला काही महिने बाकी होते, हे त्यात आलं. २०१५ मध्ये भाषांतरासाठी टोपीत ठेवलेल्या त्या दगडाचा फोटोही छापला. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत जोसेफ वर्षानुवर्षं पत्र्यांवरून बोट फिरवत वाचताना दिसत होता. टोपी कुठे नव्हती. म्हणून पुष्कळांना दगडाचा धक्का बसला नाही, ‘मला हे का सांगितलं नाही’ याचा बसला. यात तर्कही आहे. सांगणाऱ्यावरचा भरवसा उतरला, की त्याने सांगितलेल्या सगळ्याच गोष्टी एकदम हलक्या होतात. ‘छातीतली ऊब हे सत्याचं लक्षण आहे’ ही शिकवणही त्यानेच दिलेली असते.

तराजू धरणारा हात मोकळा नसतो, हेही विसरून चालणार नाही. टेंपलमधल्या ‘सीलिंग’ विधीने नवरा-बायको आणि मुलं मृत्यूनंतरही एकत्र राहतात, असं हा पंथ मानतो. टेंपलमध्ये जायला बिशपचं, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखाचं, प्रमाणपत्र लागतं. श्रद्धा सोडलेल्या आईला मुलीच्या टेंपलमधल्या लग्नाला आत जाता येत नाही. आधी नागरी विवाह केला, तर सीलिंगसाठी वर्षभर थांबायची अमेरिकेतली अट २०१९ मध्ये काढली, त्याने हे दुःख थोडं कमी झालं. इतकी किंमत असताना मन पुरावा आधी पाहत नाही, किंमत आधी पाहतं. आणि बाहेर पडल्यावर जो हलकेपणा जाणवतो, त्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा. चर्च खरं असतं, तरी दर आठवड्याची जबाबदारी आणि अपराधभाव सुटल्यावर हलकं वाटलंच असतं. सुटकेची भावनाही ऊबेइतकीच भावना आहे.

१०. परतणारे

काउडरी १८४८ मध्ये परतला. हॅरिस १८७० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, युटाला पोहोचला. व्हिटमर आला नाही. आजच्या काळात इतिहासकार डॉन ब्रॅडली यांनी चर्चमधून नाव काढून घेतलं होतं, नंतर ते परतले आणि २०१९ मध्ये बुक ऑफ मॉर्मनच्या हरवलेल्या आरंभीच्या पानांवर त्यांचं पुस्तक आलं. जोसेफचं गाजलेलं चरित्र २००५ मध्ये लिहिणारे कोलंबिया विद्यापीठाचे रिचर्ड बुशमन कधी सोडून गेले नाहीत. दगड, खजिना, बायका हे सगळं त्यांनी लिहिलं आणि तरी ते रविवारी वॉर्डात जातात. १९२० च्या दशकात चर्चमधले एक मोठे नेते बी. एच. रॉबर्ट्स यांनीही ग्रंथापुढच्या अडचणींची यादी सहकाऱ्यांसमोर अशीच निर्भयपणे मांडली होती.

परतणाऱ्यांना पपायरसवर नवा मजकूर सापडलेला नसतो. तुकडे तसेच असतात. बदलतं ते, अनुभव कोणत्या वाक्याला टेकवायचा, हे. पूर्वी तो ‘सगळं जसंच्या तसं घडलं’ या वाक्याला टेकवलेला होता, तो आता ‘देव या अपुऱ्या माणसांतूनही बोलतो’ किंवा ‘माझं जगणं इथे उभं राहतं’ याला टेकवला जातो. काहींना ही पळवाट वाटते. मला ती पळवाट वाटत नाही, पण एका अटीवर : मागे सोडलेलं वाक्य सोडलं आहे, हे उघड म्हणायला हवं. आपल्याच मुलाला ते जुनं वाक्य ‘माहीत आहे’ म्हणून शिकवायचं आणि स्वतः नव्यावर जगायचं, हे चालणार नाही. तसं केलं की तेच शेल्फ पुढच्या पिढीत उभं राहतं.

म्हणून परतलेल्यांपैकी काही जण साक्षसभेत आता ‘मला माहीत आहे’ म्हणत नाहीत. ‘मला आशा आहे’ किंवा ‘मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे’ म्हणतात. याला त्यांच्याच शास्त्रात आधार आहे. मार्च १८३१ च्या एका प्रकटीकरणात कुणाला जाणण्याची देणगी मिळते आणि कुणाला जाणणाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची, असं दोन्ही सांगितलं आहे. अशा माणसाला रविवारच्या वर्गात शिकवायला देतात का, टेंपलचं प्रमाणपत्र देतात का, हे मात्र त्याचा बिशप त्या उत्तराकडे कसं पाहतो यावर बरंच ठरतं.